किटकॅट ते एमसीबी : भिंतीवरच्या बोर्डाची गोष्ट आणि बिलावरचा एक आकडा

मंडळी, पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण एप्रिल लागलाय, कराडात रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी एसी चढतोय, आणि गेल्या पंधरवड्यात आमच्या भागातली डीपी दोनदा गेली. हे लिहायचं तर आत्ताच. पाऊस पडल्यावर कुणी वाचत नाही.

आधी एक काम करा. कपाटातलं लाइट बिल काढा आणि त्यावर ‘मंजूर भार’ ही ओळ शोधा. जुन्या पेठांतल्या घरांच्या बिलावर तिथे ०.५० किलोवॅट किंवा फार तर १ किलोवॅट असा आकडा सापडेल. अर्धा किलोवॅट म्हणजे ५०० वॅट. २३० व्होल्टने भागलं की सव्वादोन अँपियरसुद्धा होत नाही. एक इस्त्री लावली तरी हा भार ओलांडला जातो. तो आकडा खोटा नाही, जुना आहे. ज्या दिवशी तुमच्या आजोबांनी किंवा वडिलांनी मीटर घेतलं त्या दिवशी घरात जे होतं, ते त्यात लिहिलंय. चार बल्ब, एक पंखा, एक रेडिओ. घर पुढे गेलं, कागद तिथेच राहिला. कागद राहिला याचं मला फार वाटत नाही. भिंतीतली वायरही तिथेच राहिलीय, याचं वाटतं.

हे कसं झालं ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

मुंबईत विजेचा दिवा पहिल्यांदा १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात लागला. ती कंपनी वर्षभरात बुडाली आणि मार्केट परत गॅसच्या दिव्यांवर गेलं. पुढे १९०५मध्ये बीईएसटी कंपनी आली, १९०७ला विजेची ट्राम धावली, १९१५ला टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती आणि पाणी मावळचं होतं. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर १९२१पासून सत्याग्रह केला तो त्याच काळातल्या पुढच्या धरणासाठी. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांच्या घरात त्या विजेचा दिवा लागायला किती पिढ्या गेल्या, हा वेगळ्या पोस्टचा विषय.

आपल्याकडे तेव्हा कंदिलाचं राज्य होतं, आणि कंदीलही आपलाच होता. ओगलेवाडीच्या काच कारखान्यातला प्रभाकर कंदील. आजही जुन्या माळ्यावर एखादा सापडतो. कंदिलाचा एक गुण होता. त्याला किती ‘लोड’ झेपतो हे डोळ्यांना दिसायचं. वात वर केली की काच काळी व्हायची आणि आजी ओरडायची. विजेच्या तारेला काच नाही. ती आतल्या आत तापते आणि ओरडणारं कुणी नसतं. म्हणून फ्यूज.

फ्यूज ही फार साधी कल्पना. एडिसनने १८८०मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे न्यूयॉर्कला त्याचं पहिलं मोठं वीजकेंद्र सुरू होण्याच्याही दोन वर्षं आधी. साखळीत मुद्दाम एक कमकुवत कडी ठेवायची. करंट जास्त झाला की ती आधी वितळेल आणि बाकीची तार वाचेल. आपल्या भिंतीवर ती पांढऱ्या चिनी मातीच्या ठोकळ्यात आली. त्याला सगळा महाराष्ट्र ‘किटकॅट’ म्हणतो. चॉकलेटशी याचा काही संबंध नाही, हे पोरांना सांगावं लागतं.

१ मे १९६०ला राज्य झालं. पहिले मुख्यमंत्री आपल्या कराडचे यशवंतराव. २० जून १९६०ला महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं, ज्याला आपण आजही ‘एमएसईबी’च म्हणतो. २००५ साली त्याच्या चार कंपन्या झाल्या आणि आपल्या दारात येणारी ती महावितरण, तरी तोंडातला शब्द बदलला नाही. १९६२ला कोयनेची पहिली वीज निघाली. धरण पाटण तालुक्यात, वीजघर घाटाखाली पोफळीला. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा कोयनानगर उद्ध्वस्त झालं आणि तिकडे मुंबईची वीज गेली. एवढं सगळं त्या एका केंद्रावर लटकलेलं होतं.

साठ ते ऐंशी या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या बहुतेक पेठांतली घरं आणि आसपासची गावं तारेला जोडली गेली. त्या काळच्या वायरिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या भिंतीवर ते अजून आहे.

लाकडी पट्टी, म्हणजे बॅटन. सागवानी असायची. त्यावर पत्र्याच्या छोट्या क्लिपांनी वायर बसवलेली. कोपऱ्यात लाकडी गोल ठोकळा, त्यावर काळं बॅकेलाइटचं टमरेलासारखं बटण. बोर्ड म्हणजे लाकडी पेटी, आत दोन किटकॅट आणि बाहेर बिडाच्या डब्यातला मेन स्विच. वायरमन त्याला ‘आयर्न क्लॅड’ म्हणायचे. बाजूची दांडी वर केली की खडाक आवाज व्हायचा. काम इतकं नेटकं असायचं की पट्टीला कुठे वाक दिसणार नाही. तेव्हाचे वायरमन ओळंबा लावून पट्टी मारत. आज दोन-अडीच हजार स्क्वेअर फुटांच्या बंगल्यात भिंतीत जो वायरींचा गुंता पुरलेला असतो, तो बघितला की त्या लोकांबद्दल आदर वाटतो.

पण त्या वायरीत एक गोम आहे. तांबं आयात करावं लागायचं आणि परकीय चलन नव्हतं. म्हणून त्या काळात घरांच्या वायरिंगला सर्रास ॲल्युमिनियम वापरलं गेलं. ॲल्युमिनियम वाईट धातू नाही, खांबावरच्या तारा आजही त्याच्याच असतात. पण घरात, स्क्रूखाली दाबलेल्या बारीक तारेत तो दगा देतो. तापला की फुगतो, थंड झाला की आकसतो, आणि काही वर्षांत स्क्रूखाली सैल होतो. वर त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, ज्यातून करंट नीट जात नाही. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. तुमच्या सॉकेटची एक बाजू पिवळी किंवा तपकिरी पडलीय का? जवळ गेलं की मासळीसारखा किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो का? ही त्या गोष्टीची पुढची पायरी. आणि अशा जोडातून करंट ठरलेलाच जात असतो, जास्त नाही. त्यामुळे ना फ्यूज उडत, ना एमसीबी पडत. कुणीतरी उघडून बघणं हाच इलाज.

दुसरी गोम दोन किटकॅटची. एक फेजला, एक न्यूट्रलला. ती जुनी पद्धत. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांनी न्यूट्रलवर फ्यूज ठेवायला मनाई केली, पण जुने बोर्ड तसेच राहिले आणि जुन्या सवयीचे नवे बोर्डही पुढे बरीच वर्षं बसत राहिले. धोका असा, की न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर दिवा विझतो. माणूस म्हणतो, लाइट गेली, आता हात घालायला हरकत नाही. आणि होल्डरमध्ये फेज जिवंत बसलेला असतो.

आता किटकॅटचा खरा इतिहास, जो पुस्तकात नसतो. पाच अँपियरची फ्यूज तार केसासारखी बारीक. दुकानात कार्डावर गुंडाळून मिळायची. रात्री फ्यूज उडाला तर दुकान कुठलं? मग लवचीक वायर सोलायची, त्यातला एक धागा काढायचा आणि बसवायचा. गंमत म्हणजे तो एक धागा जाडीने पाच अँपियरच्या तारेच्या जवळपासच असतो, त्यामुळे पहिला जुगाड बरोबर निघायचा. मग फ्रिज आला. एक धागा टिकेना. दोन पिळले. हीटर आला, चार पिळले. शेवटी कुणीतरी वैतागून अख्खी तार, किंवा काही घरांत सरळ खिळाच टाकला, आणि म्हणाला, ‘आता नाही उडत.’ बरोबर. आता फ्यूज नाही उडणार. आता वायर उडेल.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पन्नास वर्षांनी आपण तेच करतोय, फक्त सामान नवं आहे.

एमसीबी ही काही कालची वस्तू नाही. जर्मनीत मानहाईम गावी ह्यूगो स्टोट्झच्या कारखान्यात १९२०च्या दशकात ती तयार झाली. एकाच डबीत दोन यंत्रणा. तापल्यावर वाकणारी पट्टी हळूहळू वाढणारा भार पकडते, आणि चुंबकाची गुंडाळी शॉर्ट सर्किट क्षणात पकडते. आपल्या घरांत ती सर्रास दिसायला १९९०नंतरचा काळ उजाडला. तेव्हाच्या नव्या अपार्टमेंटच्या जाहिरातीत ‘एमसीबीसह वायरिंग’ असं ठळक छापलेलं असायचं, ग्रॅनाइटच्या ओट्याशेजारी.

त्याहून महत्त्वाची वस्तू दुसरीच, आणि ती अजून अर्ध्या घरांत नाही. आरसीसीबी. ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगेलमायर या संशोधकाने १९५७च्या सुमारास तिचं आजचं रूप घडवलं. अमेरिकेत चार्ल्स डालझील या प्राध्यापकाने १९६०च्या दशकात तशीच वस्तू केली. माणसाचं शरीर किती करंट सोसतं यावर दोघांनीही काम केलं होतं. तत्त्व असं : फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. कमी आला तर तो कुठेतरी गळतोय, ओल्या भिंतीतून, गीझरच्या पत्र्यातून किंवा माणसातून. फरक ३० मिलिअँपियर झाला की ती वीज तोडते.

इथे आपला एक मोठा गैरसमज आहे. ‘आमच्याकडे एमसीबी आहे, शॉक बसला तर पडेल.’ नाही पडणार. साधं गणित बघा. घरातली सगळ्यात छोटी नेहमीची एमसीबी ६ अँपियरची, म्हणजे ६००० मिलिअँपियर. माणूस दगावायला काही दहा मिलिअँपियर पुरतात. एमसीबी तुमच्या वायरीची राखणदार आहे, तुमची नाही. तुमची राखणदार आरसीसीबी. आणि उलटही खरं. साधी आरसीसीबी जास्त भाराला पडत नाही, म्हणून दोन्ही लागतात. गळती पकडणाऱ्या उपकरणाची सक्ती आपल्या नियमांत आली तेव्हा पाच किलोवॅटखालच्या छोट्या जोडण्यांना सूट होती, म्हणजे जवळजवळ सगळ्या सामान्य घरांना. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनी ती मर्यादा खाली आणली. पण नियम खाली आला म्हणून जुन्या घराच्या भिंतीवर आपोआप काही बसत नाही. कुणी तपासायलाही येत नाही. मीटरपर्यंत कंपनीची जबाबदारी, मीटरनंतर तुमची, ही रेषा १९१०च्या कायद्याच्या काळापासून चालत आलीय. नवीन जोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तो एकदा. त्यानंतर त्या घराचं वायरिंग पन्नास वर्षांत कुणी अधिकृतपणे बघेलच असं नाही.

मग आग लागते आणि पंचनाम्यात तीन शब्द येतात : ‘शॉर्ट सर्किटमुळे आग.’ बातमीतही तेच. कुठल्या जोडात, कुठल्या वायरीत, एमसीबी किती अँपियरची होती, हे विचारायची पद्धतच नाही. मोटारसायकलचा अपघात झाला तर निदान हेल्मेट होतं का विचारतात.

आमच्या पेठेत एक जुने वायरमन आहेत, वय सत्तरीपुढे. सगळे त्यांना मामा म्हणतात. अजून वायर चौरस मिलिमीटरमध्ये मोजत नाहीत. ‘तीन बावीस’, ‘सात बावीस’, ‘सात वीस’ अशी भाषा. पहिला आकडा धाग्यांचा, दुसरा इंग्रजी गेजचा. सात बावीस म्हणजे आजची साधारण अडीचची वायर, सात वीस म्हणजे चारची. त्यांना मी विचारलं, ‘मामा, सध्या सगळ्यात जास्त काय बघायला मिळतं?’

‘अरे, एसी लावला की सोळाची पडती. पोरगं येतंय आन् बत्तीसची टाकून जातंय. मालक खूश. म्या म्हनलं, वायर बदलली का? तर म्हनतोय, वायर भितीत हाय की मामा, ती कशाला बदलायची?’

हा तोच खिळा, आता प्लॅस्टिकच्या डबीत.

नीट बघा काय होतं ते. अडीचची वायर भिंतीतल्या पाइपात बंदिस्त असते तेव्हा ती वीस-बावीस अँपियरच्या आसपास नीट चालते. तिच्यावर १६ अँपियरची एमसीबी असेल तर वायर तापायच्या आत एमसीबी पडते. तिथे ३२ची टाकली की ३० अँपियर तासन्‌तास गेले तरी एमसीबी हूं की चूं करणार नाही, कारण तिच्या दृष्टीने सगळं मर्यादेत आहे. वायरीचं आवरण मात्र रोज थोडं थोडं भाजत राहतं. म्हणून नियम एकच, एमसीबीचा आकडा वायरीवरून ठरतो, उपकरणावरून नाही. दिव्या-पंख्यांच्या दीडच्या वायरीला ६ किंवा १० अँपियर. अडीचला १६. एसी, गीझरसाठी चारची स्वतंत्र वायर ओढली तर २०. एमसीबी वारंवार पडत असेल तर ती खराब असू शकते, जोड सैल असू शकतो, किंवा ती खरं सांगत असते. मोठी टाकणं हा यातल्या कशावरच इलाज नाही.

घराला एकूण किती लागतं ते कसं काढायचं? मी आमच्या एका परिचितांच्या घरासाठी वहीवर मांडलं होतं. दीड टनाचे दोन एसी, प्रत्येकी १६०० वॅट धरू. गीझर २०००, इंडक्शन २०००, इस्त्री १०००, मिक्सर ७५०, एक एचपीची मोटर ७५०, वॉशिंग मशीन ५००, फ्रिज २००, पाच पंखे ३७५, दिवे-टीव्ही ३००. बेरीज ११ किलोवॅटच्या थोडी वर. ऐकून ते घाबरले. पण सगळं एका वेळी चालत नाही. मे महिन्यात रात्री नऊला कुणी गीझर लावत नाही. त्यामुळे सगळ्यात वाईट तास शोधायचा. त्यांच्या घरात तो उन्हाळ्यात संध्याकाळी साडेआठचा निघाला. दोन्ही एसी, इंडक्शनवर भाजी, पाणी आलं म्हणून मोटर, फ्रिज, पंखे, दिवे. एकूण ६.८ किलोवॅट, म्हणजे जवळजवळ ३० अँपियर. आणि बिलावर मंजूर भार होता १ किलोवॅट. मीटरवर बारीक अक्षरात ५-३० अँपियर. म्हणजे मीटर आपल्या कमाल मर्यादेवर उभं, आणि खांबावरून येणारी सर्व्हिस वायर कुठल्या काळातली होती ते न बोललेलं बरं.

आता त्यांना इलेक्ट्रिक गाडी घ्यायचीय. साध्या १६ अँपियरच्या सॉकेटवर चार्ज करायची म्हटलं तरी ३.३ किलोवॅट. त्या साडेआठच्या तासात मिळवा. १०.१ किलोवॅट, म्हणजे ४४ अँपियर. सिंगल फेज आपल्याकडे ४० अँपियरपर्यंतच. मग थ्री फेज घ्यायचं? घेता येईल. पण गाडी रात्री अकरानंतर लावली, जेव्हा स्वयंपाकघर आणि मोटर बंद असते, तर बेरीज ७.४ किलोवॅटवर येते, ३२ अँपियर. सिंगल फेजमध्ये बसलं. भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॅटचा चार्जर घेणार असाल तर मात्र तो एकटाच ३१ अँपियर ओढतो, तिथे थ्री फेजला पर्याय नाही. तुमच्या घराचा वाईट तास वेगळा असेल. वही घ्या, प्रत्येक उपकरणाच्या मागे चिकटवलेली पट्टी वाचा, वॅट लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

बदल करायचा तर क्रम महत्त्वाचा, आणि तो बहुतेक लोक उलटा करतात. आधी आतला डबा चकाचक होतो, ६३ अँपियरचा मेन बसतो, आणि बाहेर तीच जुनी सर्व्हिस वायर. मग कमकुवत कडी खांबावर जाते, तिथे जोड जळतो आणि शिव्या लाइनमनला. आधी महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज करा, ऑनलाइनही होतो. परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागेल, वाढीव भाराचे शुल्क आणि अनामत भरावी लागेल. काही लोक म्हणतात भार वाढवला की स्थिर आकार वाढतो. सिंगल फेज घरगुतीचा दर थ्री फेजपेक्षा वेगळा आहे, ते कार्यालयात विचारून घ्या आणि मग ठरवा. पण एक गोष्ट सामान्य ग्राहक विसरतो. डीपीची क्षमता कागदावरच्या मंजूर भारांची बेरीज बघून ठरवली जाते. पन्नास घरं कागदावर अर्धा-अर्धा किलोवॅट दाखवणार आणि प्रत्यक्षात सहा-सहा ओढणार, तर त्या डीपीने मे महिन्यात काय करावं? डीपी जळाली की आपण मोर्चा नेतो. न्यावाच. पण सोबत भारवाढीचे पन्नास अर्जही नेले तर अधिकाऱ्याला उत्तर देणं अवघड जाईल.

सोलर घेणाऱ्यांनी वेगळं लक्ष द्या. फेब्रुवारी २०२४मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, आणि छतावर पॅनल भराभर चढतायत. ती वीज तुमच्याच बोर्डात येते. पन्नास वर्षांच्या लाकडी पेटीत सोलरची वायर कोंबलेली मी स्वतः दोन ठिकाणी बघितलीय.

आतल्या कामात काय बघायचं? पत्र्याचा किंवा चांगल्या प्लॅस्टिकचा डीबी, पुढच्या दहा वर्षांसाठी चार-सहा जागा मोकळ्या ठेवून. दोन पोलचा मेन, जो फेज-न्यूट्रल एकदम तोडतो. त्यानंतर ३० मिलिअँपियरची आरसीसीबी. मग एसी, गीझर, स्वयंपाकघर, मोटर, दिवे अशा वेगवेगळ्या एमसीबी. एसी आणि मोटरला सी-कर्व्हची, कारण सुरू होताना ती क्षणभर जास्त ओढतात. आयएसआय मार्क बघून घ्या. अर्थिंग खरंच जमिनीत गेलंय का ते मीटर लावून मोजायला सांगा. पुष्कळ घरांत हिरवी वायर बोर्डापर्यंत येते आणि तिथेच संपते, निव्वळ शोभेला. जुन्या घरात आरसीसीबी बसवल्यावर ती पहिल्या दिवसापासून पडायला लागते. पोरगं म्हणतं, ‘वस्तू खराब आहे, काढून टाकतो.’ काढू देऊ नका. बहुतेक वेळा कुठेतरी ओल असते किंवा इन्व्हर्टरची न्यूट्रल घराच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेली असते. २००५ ते २०१२च्या भारनियमनाच्या काळात घाईघाईत जे इन्व्हर्टर बसले, त्यांनी हा घोळ घरोघरी करून ठेवलाय. एकेक सर्किट सोडवत गेलं की सापडतं. एक दिवस जातो. आणि आरसीसीबीवर ‘टी’ असं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. पडली तर ठीक. नाही पडली तर ती भिंतीवरची शोभा आहे.

मेन बंद केला म्हणजे बोर्ड मेला, असं समजू नका. मीटरकडून मेनपर्यंत येणारी वायर जिवंतच असते. पूर्ण बोर्ड बदलायचा असेल तर मागची वीज कंपनीच्या माणसाकडून तोडून घ्यावी लागते. मीटरचं सील स्वतः तोडायचं नाही. आणि हे काम यूट्यूब बघून करायचं नाही, वायरमनचा परवाना असलेल्या माणसाकडूनच करायचं. दोन-तीन हजार जास्त जातील.

कृष्णा-कोयनेच्या काठच्यांसाठी आणखी एक. ऑगस्ट २०१९ला आणि पुन्हा जुलै २०२१ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते तुमच्या भिंतीवर तुम्हाला माहीत आहे. बोर्ड बदलताय तर त्या रेषेच्या वर घ्या. खालच्या मजल्याच्या सॉकेटना वेगळी एमसीबी ठेवा, म्हणजे पाणी चढायला लागलं की तेवढंच तोडून वरचा मजला चालू ठेवता येतो.

शेवटचा मुद्दा अपार्टमेंटवाल्यांचा, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे. १९८५ ते २००० या काळात विद्यानगर, मलकापूर भागात ज्या इमारती झाल्या, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी सगळे मीटर जिन्याखाली आहेत. बारा-सोळा मीटर, एकच लाकडी फळी, मागे जुन्या वायरींचा झुपका. प्रत्येक फ्लॅटमध्ये एसी वाढले, जिन्याखालच्या वायरी कुणी बदलल्या नाहीत, कारण त्या कुणाच्या एकट्याच्या नाहीत. सोसायटीच्या सभेत लिफ्ट आणि रंगावर तीन-तीन तास भांडण होतं, मीटर रूमचा विषय अजेंड्यावर येत नाही. आणि आता त्याच फळीखाली इलेक्ट्रिक स्कूटर उभी करून, तिथूनच एक एक्स्टेंशन ओढून रात्रभर चार्जिंग लावतात. शेजारी रद्दीचे गठ्ठे, मुलांच्या जुन्या सायकली. वरच्या चार मजल्यांना उतरायला तोच एक जिना.

तुमच्या इमारतीत हे असेल तर भार, अर्ज, टेस्ट रिपोर्ट सगळं पुढच्या महिन्यात बघू. आज संध्याकाळी खाली जा आणि ती स्कूटर आणि रद्दी तिथून हलवा.